दुसऱ्या इमारतीची वाट बघणारे कासमचाचा

कासमचाचा आज सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये वारले.
त्या शेडमध्ये त्यांना मीच नेऊन ठेवलं होतं.

फक्त दीड वर्षासाठी, असं सांगून.
त्याला सात वर्षं होऊन गेली.

तुमच्यापैकी फार जण त्यांना ओळखत नसाल. चाचा मालवाहू जहाजांवर खलाशी होते. निम्मी जिंदगी समुद्रावर काढून रत्नागिरीत परत आले, खाडीकाठच्या आपल्या गल्लीत. चिऱ्याची जुनी घरं. मोठ्या भरतीला गटाराचं पाणी थेट चुलीपर्यंत.

मी तेव्हा लांज्याहून रोज एसटीने यायचे. पहिली नोकरी, प्रोजेक्ट ऑफिसमध्ये.

नगरपरिषद, खाडीपलीकडच्या ग्रामपंचायती, व्यापारी, मच्छीमार सोसायटी आणि मुंबईची एक बांधकाम कंपनी असे सगळे मिळून शहर आणि आजूबाजूची गावं सुधारणार होते. नवी जेट्टी, रस्ता, आणि गल्लीतल्या लोकांसाठी दोन पक्क्या इमारती. सगळे कमिटी म्हणून एका टेबलाशी बसायचे. मला ते फार भारी वाटायचं.

माझं काम एकच. लोकांच्या संमतीच्या सह्या.

कोणी दार उघडेना.
चाचांनी उघडलं. चष्मा लावून सगळा प्लॅन नीट बघितला.

"परत इथेच येणार ना आम्ही?"
"इथेच, चाचा."
"मग चल. मी येतो बरोबर."

दारोदार ते पुढे, फाइल घेऊन मी मागे.
"मी बंदरं बघितलीत," सांगायचे. "घाण होती तिथे बागा झाल्या. आपल्याकडे का नाय होणार?"

शेजारच्या जुलेखाभाभी शेवटपर्यंत अडून होत्या. नवऱ्याने कुवेतला राबून बांधलेलं घर ते. त्यांनी सही केली ती फक्त चाचांच्या तोंडाकडे बघून.

गल्ली पाडली. सगळे शेडमध्ये आले.

पहिली इमारत झाली. चिठ्ठ्या काढल्या, त्यात चाचांचं नाव आलं, भाभींचं नाही. भाभींना दमा. मे महिन्यात पत्र्याखाली त्यांचा जीव घुसमटायचा.

चाचांनी आपला ब्लॉक त्यांना दिला.
"मी दुसऱ्या इमारतीत जाईन. घाई कसली?"

दुसरी इमारत आलीच नाही.

जेट्टी कुठे व्हावी यावरून ग्रामपंचायतींचं फाटलं. निवडणूक झाली, नगरपरिषदेत नवी माणसं आली. कंपनीने सामान उचललं. भागीदारी मोडली असं कुणी जाहीर केलं नाही. मीटिंगची पत्रं यायची बंद झाली, एवढंच.

परिषद म्हणायची, कंपनीला विचारा. कंपनीत फोन कोणी उचलायचं नाही.

आमचं ऑफिस बंद झालं. मी पुण्याला दुसरी नोकरी धरली.
मला जाता आलं.

चाचांनाही आलं असतं. खेडला दिलेली त्यांची मुलगी दोनदा न्यायला आली होती. गेले नाहीत. शेडमध्ये अजून नऊ घरं होती. चाचा दर सोमवारी नगरपरिषदेत जाऊन बाकावर बसायचे आणि परत येऊन नऊ दारांत सांगायचे, काम चालू आहे.

गेल्या दिवाळीत मी भेटायला गेले. बिनदुधाचा चहा केला त्यांनी. मला राहवलं नाही.

"चाचा, कमिटीच उरली नाही हो. आता कधीच होणार नाही ते."

चाचांनी कप खाली ठेवला.

"ठाऊक आहे गो पोरी. पण या नऊ घरांत मी तसं सांगितलेलं नाय. तू पण सांगू नको."

आज मी पोहोचले तेव्हा मय्यत नेली होती. बायका शेडच्या दारात बसलेल्या. जुलेखाभाभी पत्र्याला टेकलेल्या.

शेडमधल्या सफियाला मी बाजूला घेतलं. म्हटलं, आता तरी कोणीतरी खरं बोलायला हवं. सांगून टाकलं. दुसरी इमारत होणार नाही.



"ताई, आम्हाला कधीचं ठाऊक आहे. चाचांना वाईट वाटेल म्हणून कोण बोलत नव्हतं."

चाचा, तुमची माफी मागायची राहून गेली.
इथे सगळ्यांसमोर मागते.
सलाम.