वळणासाठी गाडी

आमच्या साडभाऊंनी जेवढ्या मोटारगाड्या नापसंत केल्या, तेवढ्या मोटारगाड्या आख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात आहेत की नाहीत, याची मला शंका आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मावल्यात घर, आदिलाबादच्या बाजारात भांड्यांचं दुकान, अंगाने आडवे, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा की ते हळू बोलले तरी वरच्या फळीवरच्या ताटल्या थरथरतात. पन्नाशी उलटल्यावर माणसं काशी-रामेश्वराचं बघतात, गुडघ्याला लावायच्या तेलाचं बघतात. साडभाऊ गाडी बघायला लागले. तीही बायकोमुलांना बसवून जत्रेला न्यायची गाडी नव्हे. तामिळनाडूत म्हणे शर्यतीसाठी बांधलेला एक बंद रस्ता आहे. नुसती वळणंच वळणं. समोरून बैलबंडी येत नाही, म्हैस आडवी जात नाही. ठरलेल्या दिवशी हौशी माणसांना तिथे आपापली गाडी नेऊन मन भरेपर्यंत पळवता येते. तिथे न्यायला स्वतःच्या हाताने तयार केलेली आणि खिशाला झेपेल अशी गाडी त्यांना हवी होती.

हे वेड अचानक आलेलं नव्हतं. तरुणपणी ते हैदराबादहून दुकानाचा माल टेम्पोत भरून स्वतः आणायचे. तेव्हा रस्ता निर्मलच्या घाटातून यायचा. मागे स्टीलची भांडी खच्चून भरलेली, आणि साडभाऊंचे कान मागे लागलेले. वळण चुकीचं घेतलं की सगळी भांडी एकदम खणखणायची, आणि बरोबर घेतलं की एक चमचासुद्धा वाजायचा नाही. या एका परीक्षेवर ते गाडी चालवायला शिकले. पुढे चौपदरी हायवे झाला, तो घाट टाळून गेला. सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला. साडभाऊ मात्र घरात सुतक असल्यासारखे बसून होते. "आता काय, फळीवानी सरळ रस्ता," ते मला म्हणाले, "त्याच्यावर गाडी नाई चालवत माणूस, नुसता बसून राह्यते." मग कधीतरी मोबाईलवर त्यांनी तो ट्रॅक पाहिला, आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातली शांतता संपली.

गाडीबद्दल त्यांच्या अटी मोजक्या होत्या, पण कोणतीही गाडी त्यांत बसत नसे. वजनाला हलकी हवी. गियर हाताचा हवा. सुटे भाग आदिलाबादच्या बाजारात मिळायला हवेत. आधीच्या मालकाने तिच्यावर स्वतःची हौस भागवलेली नसावी. आणि शेवटची अट अशी की उद्या ती कठड्यावर आपटून चपटी झाली तरी रडू येऊ नये. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी आपली मोठी डिझेलची गाडी मोठ्या मनाने देऊ केली. साडभाऊंनी बॉनेट उघडलं, बराच वेळ इंजिनाकडे पाहिलं आणि हळूच मिटलं. "डॉक्टरसाहेब, हिच्या नाकातच सारं वजन हाय," ते म्हणाले, "वळणावर थे सरळच जाणार." डॉक्टर बिचारे आपल्या गाडीला कोणता आजार झालाय अशा चेहऱ्याने दारापर्यंत पोचवायला आले. नागपूरच्या एका कॉलेजकुमाराची लालभडक गाडी बघायला ते मलाही घेऊन गेले होते. मागे पंख, खाली निळे दिवे, आणि सायलेन्सरचा आवाज ट्रॅक्टरासारखा. मला ती अगदी शर्यतीची वाटली. साडभाऊ तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "चला, बस निघून जाईल."

त्यांचा कंपनीने छापलेल्या वजनावर विश्वास नव्हता. म्हणून पसंतीच्या उंबरठ्याशी आलेली प्रत्येक गाडी ते कापसाच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर नेत. ऐन कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असायची, आणि दोन ट्रॉल्यांच्या मध्ये एखादी छोटीशी मोटार आपला नंबर यायची वाट पाहत उभी. काट्यावरच्या माणसाने पहिल्यांदा काच खाली करायला लावून आत डोकावून पाहिलं. "सेठ, कपास किधर है?" "कपास नहीं है, खाली गाडी तौलो." "खाली गाडी में क्या मिलता सेठ तुम को?" साडभाऊ म्हणाले, "जित्ता कम मिला उत्ता अच्छा." त्या माणसाने पुढे त्यांना पाहिलं की विचारणंच सोडून दिलं.

दुसरी परीक्षा डोक्याची. ट्रॅकवर हेल्मेट सक्तीचं असतं, आणि साडभाऊ बसक्या बांध्याचे असले तरी पाठीने उंच. हेल्मेट तेव्हा घेतलेलं नव्हतं. पण दुकानात गंज होते. पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. मापाचा एक गंज त्यांनी बाजूला काढून ठेवला होता, तो पिशवीत घालून ते गाडी बघायला जायचे. बोथला मी राहतो, माझं कापडाचं दुकान आहे. माझ्या शेजारी सरकारी कचेरीतले एक साहेब राहत, त्यांची गाडी विकायची होती. साडभाऊ आले, सीटवर बसले, पिशवीतून गंज काढून शांतपणे डोक्यावर उलटा घातला आणि मान डावीउजवीकडे वळवून पाहिली. छताला टण्ण आवाज झाला. साहेबांच्या बायकोने खिडकीतून हे पाहिलं आणि संध्याकाळी माझ्या बायकोला अगदी हळुवारपणे विचारलं, "तुमच्या जिजाजींना कधीपासून आहे हे?"

लग्नकार्यात त्यांच्या पंगतीला बसायला लोक घाबरत. ताटात वरण आलं की त्यात बोटाने वळण काढून ते शेजाऱ्याला समजावत, "हे पाहा, गाडी आधी बाहेरच्या अंगाले ठेवायची, मग आत घ्यायची, अन् निघताना पुन्ना बाहेर सोडायची. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात मारला का गेले तुमी." शेजारी भाताचं आळं करायचं विसरून मान हलवत राहायचा. आणि गंमत अशी की या सगळ्या वर्षांत त्यांच्या दारात स्वतःची मोटार नव्हती. गाड्यांबद्दल अखंड बोलणारा हा माणूस सगळीकडे बसने आणि ऑटोने फिरे. जैनथहून, म्हणजे आमच्या सासुरवाडीहून, येताना एका ऑटोवाल्याला त्यांनी ब्रेक कुठे दाबायचा हे इतक्यांदा सांगितलं, की त्याने ऑटो बाजूला घेऊन म्हटलं, "काका, तुमी उतरा. मले चालवता नाई येऊन राह्यलं." साडभाऊ उतरले आणि उन्हातून पायी आले. रागावले नाहीत. "पोराचा हात चांगला हाय," एवढंच म्हणाले.

घरात ताई, म्हणजे माझी मेहुणी, हे सगळं एका वाक्यात सांगायची. "हे मले पाहाले आले तवा चहा थंडा व्हायच्या आत हो म्हणले. गाडीले मात्र वर्सं लागून राह्यली." सासूबाईंचा गोंधळ वेगळाच होता. तेलुगू माणसं मोटारीलाही बंडी म्हणतात, आणि साडभाऊंकडे येणारे निम्मे लोक तेलुगूच बोलणारे. त्यामुळे जावई इतके दिवस बैलबंडी बघतायत अशीच त्यांची समजूत होती. एकदा त्यांनी जैनथहून निरोप धाडला की आपल्याकडची जुनी बंडी अजून धड आहे, उगाच बाहेर हिंडू नका.

आणि गाडी मिळाली ती जैनथलाच. सासूबाईंच्या गावच्या एका कापसाच्या अडत्याने नवी घेतल्यावर जुनी गोदामात उभी करून ठेवली होती. छोटी, पांढरी, चार दारांची, पेट्रोलची. कंपनीने बनवणं थांबवलेली, पण जिचे भाग कुठल्याही गावच्या दुकानात मिळतात अशी. तिच्यावर कापसाचा इतका थर बसला होता की ती मेंढीसारखी दिसत होती. साडभाऊ तिच्याखाली उताणे झाले, गंज लागलाय का बघायला टॉर्चने सगळा तळ पाहिला आणि बाहेर येऊन तिथेच कापसावर बसून राहिले. अडत्या म्हणाला, "अहो, हिच्यात काईच नाई. ना एसी धड, ना टेप." "म्हूनच," साडभाऊ म्हणाले. काट्यावर तिचं वजन झालं, पातेलं घातलेलं डोकं छताखाली मावलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नाही म्हटलं नाही.

पुढचं वर्षभर रोज रात्री दुकान बंद केलं की ते गाडीच्या मागे असत. इंजिनाला त्यांनी फारसा हातच लावला नाही. पैसा घातला तो ब्रेकवर, टायरवर, चाकांच्या वरच्या स्प्रिंगांवर आणि अंगाला आवळून धरणाऱ्या एका पट्ट्यावर. वजन कमी करायला मागची सीट काढली. ती ओसरीत ठेवली गेली, आणि येणारेजाणारे तिच्यावर बसून चहा प्यायला लागले. ट्रॅकचा दिवस ठरला, नाव नोंदवलं गेलं, खरंखुरं हेल्मेट आलं.

आणि सासूबाई अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नागपूरला झालं. मग त्यांना मावल्याला साडभाऊंकडे आणलं, आणि पुन्हापुन्हा नागपूरला दाखवायला न्यायचं ठरलं. पहिल्यांदा भाड्याच्या गाडीने नेलं. रस्ता चांगला, तरी प्रत्येक धक्क्याला त्या ओठ दाबून डोळे मिटायच्या, आणि परत आल्यावर दोन दिवस काही खाल्लं नाही. साडभाऊंनी हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओसरीतल्या सीटवर बसलेल्या पाहुण्याला त्यांनी उठवलं, सीट गाडीत परत बसवली, मोठ्या कष्टाने जमवलेल्या कडक स्प्रिंग काढून मऊ घातल्या, आणि ट्रॅकवाल्यांना फोन करून आपलं नाव रद्द केलं. ताईने विचारलं, "काऊन?" तर म्हणाले, "पुढच्या वर्षी ट्रॅक पळून थोडीच जाऊन राह्यला."

त्यानंतर नागपूरला त्यांनीच नेलं, प्रत्येक वेळी. मी दोनदा बरोबर होतो. असं गाडी चालवणं मी पाहिलेलं नाही. पुलाच्या सांध्यावर, गावाजवळच्या गतिरोधकावर, लेन बदलताना, गाडी अशी जायची की सासूबाईंच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हलत नसे. कधीकधी त्या मागे घोरत असायच्या. साडभाऊ पुढे घामाघूम. मला वाटलं, आता ही गाडी ट्रॅकवर जाणार नाही. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दिवसांत त्यांनी वरणात वळणं काढणं सोडून दिलं होतं. पंगतीत ते गुपचूप जेवायचे, आणि लोकांना ते बरं वाटायच्या ऐवजी चुकल्यासारखं वाटे.

शेवटी बोलल्या त्या सासूबाईच. काठी टेकत ओसरीपर्यंत चालायला लागल्या होत्या. एक दिवस सगळे बसलो असताना म्हणाल्या, "जावईबापू, मले आता यष्टीनं नेलं तरी चालते. थे मागची सीट काढा अन् तुमाले जाचं तिकडं जाऊन या." साडभाऊ म्हणाले, "राहू द्या, आई. आता वय झालं." सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "माह्यापेक्षा जास्त झालं का?" सीट काढायला ते उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, ते लपवायला त्यांनी पाना उगाच बराच वेळ शोधला.

मग आम्ही दोघे निघालो. मागे सीटच्या जागी चार टायर, अवजारं, आणि ताईने बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी नि ठेचा. ट्रॅकवर पोचलो तर तिथे एकाहून एक गाड्या, रुंद टायरांच्या, गुरगुरणाऱ्या. आमची सगळ्यांत लहान. साडभाऊ हेल्मेट घालून, पट्टा आवळून आत गेले, आणि मी तारेच्या कुंपणाशी उभा राहिलो. सरळ रस्त्यावर सगळे त्यांना मागे टाकून जात. साडभाऊ सभ्यपणे बाजूला होत. पण वळणं आली की आमची पांढरी गाडी त्यांच्या पाठीला जाऊन भिडायची. मला त्यातलं काही कळत नाही, तरी मी कुंपणाची तार घट्ट धरली होती. दुसऱ्या खेपेला एका वळणावर गाडी घसरली, गर्रकन फिरली आणि गवतात तोंड उलटं करून थांबली. धूळ उडाली, काही दिसेना. मला ताई दिसायला लागली, सासूबाई दिसायला लागल्या. मग धुळीतून गाडी हळूहळू बाहेर आली. साडभाऊ परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. पाणी प्यायले. म्हणाले, "गाडीची चूक नाई. मीच घाई केली." मला वाटलं, संपलं. त्यांनी चारही टायर हाताने चाचपले, आणि पुन्हा आत गेले. या वेळी त्याच वळणावरून गाडी अलगद निघून गेली.

दुपारी सगळे सावलीला जमले. कोण बंगळुरूचा, कोण कोचीची डॉक्टर, कोण रंगाच्या दुकानाचा मालक. दोन पोरं साडभाऊंना शोधत आली, ती छोटी गाडी त्या वळणावर एवढी शांत कशी जाते ते विचारायला. साडभाऊ आपल्या आदिलाबादी हिंदीत सांगायला लागले आणि हाताने हवेत वळण काढलं. त्या डॉक्टरबाईंनी लगेच दुसरं वळण काढलं, कुणी तिसरं. बघता बघता सगळ्यांचे हात हवेत वळणं घेत होते, सगळे एकमेकांना तोडून बोलत होते, आणि त्या घोळक्यात साडभाऊंचा आवाज कोणालाच मोठा वाटत नव्हता. मी भाकरी हातात घेऊन पाहत राहिलो. आमच्याकडे हा माणूस इतकी वर्षं एकटाच बोलत होता.

परतीच्या वाटेवर ते गप्प होते. हैदराबाद मागे पडलं तरी गप्प. थकले असतील म्हणून मीही बोललो नाही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तो थकलेल्या माणसाचा नव्हता. लग्न लावून पाहुणे गेल्यावर रिकाम्या मांडवात बसलेल्या माणसाचा असतो, तसा होता.

"साडभाऊ," मी म्हटलं, "थे आधी घसरलं अन् मग बरोबर गेलं ना, थे वळण, त्याच्यात तुमी ब्रेक कुठं सोडला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच विचारतोय की थट्टा करतोय, याचा अंदाज घेतला. मग गाडीचा वेग थोडा कमी केला, स्टिअरिंगवरचा एक हात मोकळा केला, आणि सांगायला लागले.