सावकाशबाईंच्या तीस गोगलगाई

आमच्या ताईला सगळे सावकाशबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. वाईट मला वाटतं, कारण दुकानाच्या काउंटरवर मी बसतो. घड्याळ दुरुस्तीला दिलेलं गिऱ्हाईक माझ्यावर डाफरतं आणि ही मागच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून ढिम्म बसलेली. चाळीस वर्षं तिनं याच टेबलावर काढली. वडिलांनी चिमटा मुळात माझ्या हातात दिला होता. पण मी पहिल्याच दिवशी घड्याळातली केसाएवढी बारीक स्प्रिंग, केसकमान, एक तोडली, दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी चिमटा ताईकडे गेला आणि मी पट्टे विकायला लागलो. चांगलंच झालं म्हणायचं.

मागच्या वर्षी एक मॅडम हातातलं जुनं घड्याळ घेऊन आल्या. कॉलेजात शिकवतात, गोगलगाईंचा अभ्यास करतात. ताई काम करत होती तेवढा वेळ त्या काचेला नाक लावून तिचे हात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, गोगलगाईच्या पाठीवर मोहरीएवढा सेन्सर चिकटवाल का?"

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. ताई म्हणाली, "कशासाठी ते आधी सांगा."

गोष्ट अशी होती. समोरच्या बेटावर, बोटीनं तासाभराच्या अंतरावर, नखाएवढ्या पांढऱ्या गोगलगाई आहेत. जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. बाहेरून आणलेल्या एका मोठ्या गोगलगाईनं त्यांचा फडशा पाडला आणि आता उरल्यासुरल्या एकाच राईत आहेत. मॅडमना संशय होता की त्या राईच्या कडेला, जिथं थोडं ऊन झिरपतं, तिथंच वाचल्यात. खाणाऱ्या मोठीला ऊन सोसत नाही, ह्या छोट्यांना सोसतं. पण नेमकी तीच कड तोडून धक्क्याचं गोदाम बांधायचं घाटत होतं. गोदामाला मंजुरी देणाऱ्या कमिटीचं म्हणणं, चार झाडं गेली तर काय बिघडतं, गोगलगाई आतल्या दाट सावलीत जातील. तीन महिन्यांनी सुनावणी होती. गोगलगाई दिवसभर किती उजेडात बसतात हे दाखवता आलं तरच कड वाचणार. सेन्सर तो उजेड टिपून ठेवायचा. परवानगी फक्त तीस गोगलगाईंची होती आणि कॉलेजातल्या लोकांनी रिकाम्या शंखांवर करून बघितलं तेव्हा निम्म्या वेळा डिंक ओघळून शंखाचं तोंडच बंद झालं होतं.

"जिवंत असती तर मेली असती की!" ताई म्हणाली. तिला रागच आला. आणि तिनं काम घेतलं.

मी बोलायचं ते बोललोच. "दुकानात कामाचा ढीग पडलाय आणि तू किड्यांच्या मागे?"

"गोगलगाय किडा नसते," मॅडम म्हणाल्या. मी पट्टे पुसायला लागलो.

मॅडमनी ओल्या पानांच्या डब्यांतून गोगलगाई दुकानात आणल्या. ताईनं दिवसाला पाच असं करत सहा दिवसांत तीस पुऱ्या केल्या. एकीचंही तोंड बुजलं नाही. प्रत्येक सेन्सर शंखाच्या अगदी मधोमध, वर तोंड करून. तबकडी बसवावी तसा. मला बोलावून दाखवलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझीही छाती फुगली. गोगलगाई बेटावर परत गेल्या.

आठ आठवड्यांनी मॅडम दुकानात आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानंच. सगळे आकडे अंधाराचे. दिवसाउजेडी, भर दुपारीसुद्धा अंधार. म्हणजे छोट्यांनाही दाट सावलीच लागते. म्हणजे कमिटीचंच खरं. "माझा अंदाज चुकला, ताई," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसूनच राहिल्या.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटीनं बेटावर गेली, मला घेऊन. राईच्या कडेला पोचलो तर ही साठीची बाई सरळ पालापाचोळ्यात उताणी पडली.

"अगं, काय करतेस! लोक बघतायत!"

"बघू देत. तू पण झोप."

झोपलो. करतो काय? वर बघितलं आणि मलासुद्धा कळलं. दिवसा गोगलगाई पानाच्या खालच्या बाजूला चिकटून झोपतात, उलट्या. पाठ जमिनीकडे. ताईनं इतक्या निगुतीनं वर तोंड करून बसवलेला प्रत्येक सेन्सर आठ आठवडे खालचा काळा पाचोळा बघत बसला होता.

"घड्याळ नेहमी आपल्याकडे तोंड करून असतं," ती हळूच म्हणाली. "मला दुसरं सुचलंच नाही रे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत तिच्या हातचं काम कधी परत आलं नव्हतं.

मी तिला पहिल्यांदाच काही टोचून बोललो नाही.

सुनावणीला चार आठवडे उरले होते. दुकानाला कुलूप लावून आम्ही बेटावरच मुक्काम ठोकला, शाळेच्या एका खोलीत. ताईनं सेन्सर काढून शंखाच्या कुशीला लावले, म्हणजे गोगलगाय सुलटी असो वा उलटी, उजेड लागणारच. पण एका बाजूला वजन आलं की गोगलगाय कलंडायची. मग घड्याळाच्या चाकाचा तोल साधतात तसा दुसऱ्या कुशीला डिंकाचा एक ठिपका. एकेका ठिपक्याला तासभर. मी डबे धुवायचो, ओली पानं आणायचो आणि कुणी घाई केली की त्याच्यावर खेकसायचो. हो, मीच!

तीन आठवड्यांचे नवे आकडे आले आणि मॅडम खोलीत नाचायच्याच बाकी राहिल्या. छोट्या गोगलगाई दिवसभर अर्ध्या उन्हात होत्या, आणि मॅडमनी आधीच मोजून ठेवलं होतं त्याप्रमाणे मोठीला त्याच्या दहाव्या हिश्श्याचंही ऊन झेपत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या आकड्यांचं काही बोलायलाच नको."

"बोलायचं," ताई म्हणाली. "दोन्ही मांडायचे. मी मांडते."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आठ आठवड्यांचे आकडे विरोधात आणि तीन आठवड्यांचे बाजूनं. कमिटी काय म्हणणार?

तेच म्हणाली. अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा मोजलंत?"

सभागृहात खसखस पिकली. माझं डोकं फिरलं, उठणारच होतो. पण ताई आधीच उभी होती. तिनं एक रिकामा शंख काढला, हातातली फाइल आडवी धरली आणि शंख तिच्या खालून लावला. "गोगलगाय अशी झोपते. मी सेन्सर इथं लावला होता. तो जमीन बघत होता. चूक गोगलगाईची नाही, यंत्राची नाही, मॅडमची तर नाहीच. माझी. मी घड्याळं दुरुस्त करते. माझी चूक लपवून तुम्हाला अर्धे कागद दिले असते, तर पुढं कुणीतरी ते उकरून काढलं असतं आणि राई गेली असती. आता सगळं समोर आहे. तपासा."

अध्यक्षांनी शंख मागून घेतला. फाइलीखाली धरला, उलटा केला, पुन्हा धरला. मग शेजारच्यांकडे दिला. सहाही जणांच्या हातांतून तो फिरला. तासाभरानं निकाल वाचला. गोदाम धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला होणार. राईच्या एकाही झाडाला हात लावायचा नाही.

टाळ्या थांबेनात. मॅडम ताईच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि ताई विचारत होती, उद्याची बोट कितीला आहे, त्या बिचाऱ्यांच्या पाठीवरचं ओझं उतरवायला हवं.

मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणालो, "ती माझी बहीण आहे. सख्खी."

"कळलं हो," ते टाळ्या वाजवत म्हणाले, "तिसऱ्यांदा सांगताय."