डब्याखालची खुर्ची

सकाळचा चहा हातात होता आणि भिंतीपलीकडून अक्कांचा हंबरडा ऐकू आला. प्रल्हादराव गेले. माझे साडू, आणि शेजारीही… अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघी बहिणी धामणगाव बढे इथं एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड नांदल्या. लाज वाटते, पण सांगतोच. धावत जाताना माझ्या मनात आलं ते हे, की आता आपल्या वायफायच्या डब्याचा पासवर्ड कोण सांगणार? लपवून ठेवणारा माणूसच गेला.

भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारा मी माणूस. प्रल्हादरावांचा जन्म टेलिफोनच्या खांबांवर गेला. निवृत्तीनंतर गावाच्या वायफायचे तेच डॉक्टर झाले. माझ्या सायलीला पुण्याच्या कंपनीत घरबसल्या नोकरी लागली, तेव्हा आमच्या भिंतीवर तो पांढरा डबा त्यांनीच बसवला. बसवून थांबले नाहीत. लॅपटॉपवर त्याची आतली पानं उघडून कोणतं चॅनल, किती रुंद, ताकद किती, असं तासभर ठरवत बसले. मी मागून वाकून पाहत होतो. ताकद ‘पूर्ण’ करता येत असताना त्यांनी ‘मध्यम’ ठेवली, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याच सुमारास त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला “कुठं चालले?” विचारल्याशिवाय पुढं न सोडणारा हा माणूस आता संध्याकाळी स्वयंपाकघराच्या पार टोकाला, त्यांच्या घरच्या वायफायच्या डब्याखाली खुर्ची टाकून मोबाइल घेऊन बसे. मी बायकोला म्हटलं, “आत बसून काय करून राह्यला हा माणूस? आपलं नेट दाबून सोताचं जोरात चालवत असन.”

एकदा ते मोताळ्याला गेल्याचं पाहून मी ती पानं उघडली आणि सगळंच वाढवून टाकलं. ताकद पूर्ण, रुंदी दुप्पट. दुसऱ्या दिवशी सायलीच्या मीटिंगमध्ये चेहरे गोठले, साहेबाचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी यायला लागला. पुन्हा असं झालं तर पुण्यात येऊन राहावं लागेल, असं साहेबानं तिला बजावलं. पोरगी रडली. प्रल्हादराव आले, सगळं पूर्ववत केलं आणि ती पानं उघडायचा पासवर्ड बदलून टाकला. मी भडकलो.

“आमच्या डब्याले तुमचं कुलूप काऊन? कोनाचं भलं करून राह्यले तुम्ही?”

“दोन्ही घरचे डबे एकदम ओरडले तं कोनाचंच ऐकू येत नाही, साडभाऊ,” एवढंच म्हणाले… आणि चहा न घेता गेले. पुढचे पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. आधी बोलायला मीच जायला हवं होतं, पण मी गेलो नाही. मग ती सकाळ आली.

तेरावं झाल्यावर अक्कांनी बोलावलं. नाशिकचा मुलगा व्हिडिओ कॉल करतो, तो ओट्यावर लागत नाही, जरा वाढवून द्या म्हणाल्या. प्रल्हादरावांची डायरी पुढं केली. तिच्यात दोन्ही घरांचे पासवर्ड होते आणि खाली लिहिलं होतं, ‘साडभाऊ : मध्यम. आपला : सगळ्यात कमी. सायलीच्या नोकरीचं आहे.’ माझा त्यावरही विश्वास बसला नाही. मी त्यांच्या डब्याचं पान उघडून पाहिलं. खरंच सगळ्यात कमी होतं.

“अक्का, भाऊ मंग इथं आत काऊन बसत होते?”

“बाहेर लागेच नाही नं. पोराशी बोलाचं तं डब्याखालीच बसा लागे. सायलीचं होऊ द्या आधी, म्हनत.”

मी त्याच खुर्चीत बसून रडलो. मेलेल्या माणसाची माफी मागायची कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी मी आमचा डबा सगळ्यात कमी केला आणि अक्कांचा मध्यम. सायलीचं टेबल आमच्या डब्याखाली सरकवलं. तिचं काम बिनघोर चाललं आहे. अक्कांचा फोन आता ओट्यावर लागतो, मी स्वतः उभा राहून खात्री केली. तरी संध्याकाळी मुलाचा कॉल आला की त्या आत जातात.

“अक्का, ओट्यावर लागते नं आता?”

“हाव, लागते,” म्हणतात, आणि डब्याखालची खुर्ची पदरानं पुसून तिथंच बसतात.