सांधेवाल्याची नोकरी

"ताई, नाना परत लाईनीवर गेलेत. रुळावर उभे राहिलेत आणि हलायला तयार नाहीत. कटरवाले काम थांबवून बसलेत."

प्रीतमचा हा फोन आला तेव्हा मी सांगवीत माझ्या घरी कणीक मळत होते. मी म्हटलं, "अरे, बाप तुझा, आणि फोन मला?"

"ते म्हणतायत अर्जुनाला आणा. अप्पा तुझ्याशिवाय कुणाचं ऐकतात का?"

घ्या! नानासाहेब माझे थोरले चुलते, अर्जुनराव म्हणजे अप्पा माझे वडील, आणि या दोन म्हाताऱ्यांच्या मधे धावायला मी, मंजुषा. कणकेचे हात धुतले, गाडीला किल्ली लावली आणि सांगवीपासून गावापर्यंत मनातल्या मनात दोघांचा उद्धार करत गेले.

नाना कसे आहेत ते आधी सांगते. पंच्याहत्तरी कधीच उलटलीय. हायवेलगत बंगला, बंगल्याला लिफ्ट, दारात दोन गाड्या. पण या माणसाचं बूड एका जागी टेकत नाही. चहा अर्धा टाकून उठतात. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत मांडवाबाहेर. सुनेनं गरम भाकरी वाढावी, तर हे दुसरा घास हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चुलतीनं नवस बोलले, कशाचा काही उपयोग झाला नाही. पायाला भिंगरी ती भिंगरीच. आणि घरातून निघाले की जायचं ठिकाण एकच, फाट्याची लाईन.

देहूरोडच्या अलीकडं मेन लाईनपासून हा फाटा फुटायचा आणि आमच्या रानातून वळसा घालून एका मोठ्या कंपनीच्या गोदामात शिरायचा. नानांच्या तरुणपणी तो पडला. जाताना पत्र्याची भेंडोळी, येताना यंत्रांची खोकी, आणि सगळ्यात मागं कामगारांचा एक डबा. गावातल्या बायका इंजिनाच्या शिट्टीवर चुलीवर तवा टाकायच्या. पुढं चाकणकडं कारखाने वाढले, रस्ते रुंद झाले, माल ट्रेलरवर चढला. रोजची गाडी आठवड्यातून एकदा यायला लागली, मग महिन्यातून एकदा. बंद झाली असं कुणी सांगितलंच नाही. येईनाशी झाली, एवढंच. मग रुळांमधे घाणेरी माजली, बायकांनी गोधड्या वाळत घातल्या, पोरांनी स्टंप ठोकले, एका पठ्ठ्यानं तर चक्क रुळांवर बाकडी मांडून वडापावची गाडी लावली. आता तिथनं रस्ता जाणार म्हणून रूळ कापून भंगारात निघालेत.

पण नानांचं दुखणं भंगाराचं नाही, नोकरीचं आहे.

लाईनीसाठी जमीन घेतली तेव्हा एका घरातल्या एकाला नोकरी द्यायची असं ठरलं होतं. आजोबा आधीच गेलेले, घरचा कारभार आजीच्या हातात. पोरगे दोन, नोकरी एक, आणि लाईनीच्या पलीकडं उरलेलं रान. आजीनं दोघांना देवापुढं बसवलं आणि सांगितलं, ज्यानं नोकरी घेतली त्यानं रानावरचा हक्क सोडायचा. नोकरी कुणाला, ते ती ठरवणार. आणि तिनं ठरवलं, नोकरी धाकट्याला. अप्पा फाट्यावर सांधेवाला झाले. म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर न्यायची असली की लोखंडी दांडा ओढून वाट बदलणारा माणूस.

त्या काळात नोकरी म्हणजे काय, हे आजच्या पोरांना नाही कळायचं. महिन्याच्या महिन्याला पगार, खाकी कपडे, पायात बूट. नाना गुडघाभर चिखलात कांद्याला पाणी देत असायचे, आणि समोरून इंजिनाच्या पायरीवर उभा राहून, हिरवा झेंडा हलवत धाकटा भाऊ जायचा. आजी अप्पांच्या खाकीला कांजी करायची, तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवायची. "माझ्या बंडीला तिनं कधी इस्त्री केली न्हाई," हे वाक्य मी नानांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या पोरांनाही पाठ आहे.

पुढं काळ फिरला. लाईन मेली, अप्पांची नोकरी संपली, आणि नानांच्या रानाला सोन्याचा भाव आला. नानांनी रान विकलं. सगळं विकलं, बांधावरच्या बोरीसकट. आज तिथं उंच उंच सोसायटी उभी आहे. अप्पा आजही गावठाणातल्या दोन खोल्यांत राहतात. नानांनी फ्लॅट देऊ केला तर अप्पा म्हणाले, "मला लिफ्टीत गरगरतं." झालं! नानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, वर्षभर तोंड बघितलं नाही एकमेकांचं.

लोक म्हणतात, देवानं नानांना छप्पर फाडून दिलं, आता आणखी काय पायजे? मीही म्हणायचे. पण त्यांना पैसा नकोच होता हो! त्यांना एकच सवाल कुरतडत होता: आईनं मला का नाकारलं? मी थोरला, मी कामाचा, मग तिच्या लेखी मी कमी का? उत्तर ठाऊक असेल तर ते अप्पांनाच, कारण आजीनं निवाडा केला त्या दिवशी तिनं अप्पांना एकट्याला गोठ्यात नेऊन काहीतरी सांगितलं होतं. नानांनी ते दारातून बघितलं होतं. तेव्हापासून विचारतायत. आणि अप्पा तोंडात मूग धरून बसलेत.

मी पोहोचले तेव्हा अप्पा मेथी निवडत होते.

"चला, नानांनी बोलावलंय."

"मी न्हाई यायचा."

"अप्पा, रूळ निघाले की ते वेडे होतील. काय असेल ते एकदा सांगून टाका ना."

"जुनं उकरून कुणाचं भलं झालंय?"

"तुम्ही गप्प बसून तरी कुणाचं झालं?" मी जरा चढ्याच आवाजात बोलले. "तिकडं ते रुळावर उभे, इकडं तुम्ही मेथीत. आणि माझी कणीक तिकडं परातीत वाळतीय!"

अप्पांनी काड्या गोळा केल्या, टोपी घातली आणि मुकाट माझ्या गाडीवर मागं बसले.

लाईनीवर पंधरा-वीस बघे जमलेले. कटरवाले सिलिंडरला टेकून बिडी ओढत होते. प्रीतम हात जोडून त्यांच्या सुपरवायझरला काहीतरी समजावत होता. आणि जिथं अप्पांचा दांडा असायचा, त्या सांध्यापाशी नाना. पांढरा झब्बा घामानं चिकटलेला, या रुळावरून त्या रुळावर सारखे पाय टाकत होते.

"आलास?" अप्पांना बघून ते ओरडले. "बघ, तुझी नोकरी निघाली भंगारात! आज तरी सांग. गोठ्यात काय म्हणली ती?"

"नाना, ऊन लय हाय. घरी चल."

"घर गेलं खड्ड्यात! मी काय चोरी केली व्हती? बाप गेल्यावर नांगर कुणी धरला? तुला ताप आला तवा पाठीवर घेऊन चिंचवडला कोण गेलं? मी! आन इंजिनावर कोण बसलं? तू!"

"व्हय, मी बसलो."

"सांग मग!"

अप्पा खाली बघत उभे. मला अस्सा राग आला म्हणता! वाटलं, दोघांना दोन कानाखाली द्याव्यात. नानांचा आवाज फुटला होता. एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्या शब्दाला वजन, तो भर दुपारी लोकांसमोर रडकुंडीला आला होता, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

"नगं सांगू," नाना एकदम म्हणाले. "मला ठावं हाय. चांगलं ते तुला दिलं, उरलंसुरलं माझ्या गळ्यात मारलं. ओझं व्हतं ते रान, ओझं! म्हणून तर इकताना हात थरथरला न्हाई माझा."

तेव्हा अप्पांनी मान वर केली. माझ्या बापाचा तसा चेहरा मी आई गेली तेव्हाच काय तो पाहिला होता.

"ओझं नको म्हणू," ते म्हणाले. "ऐक मग. ती म्हणली, अर्जुना, तू भोळा हायस. रान तुला दिलं तर कुणीबी गोड बोलून तुझ्या हातनं काढून घेईल. नानाच्या हातात राहील. जीव गेला तरी नाना रान सोडायचा न्हाई. म्हणून नोकरी तुला."

बघे दोन पावलं पुढं सरकले. सुपरवायझरसुद्धा.

"जीव गेला तरी?" नानांनी विचारलं.

"व्हय."

"असंच म्हणली?"

"असंच. वर म्हणली, त्याला सांगू नगं, डोक्यात हवा जाईल."

नानांनी पलीकडं बघितलं. तिथं सोसायटीच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. त्यांचे पाय पहिल्यांदाच एका जागी थांबले होते. मला वाटलं आता हे अप्पांच्या अंगावर धावून जाणार. मी मधे व्हायला पुढं सरकले. प्रीतमनं माझा दंड धरला.

"आरं, मग इकायच्या आधी का न्हाई बोललास?" नानांचा आवाज पार खाली गेला होता. "कागद व्हायच्या आधी? एकदा तरी?"

"आलो व्हतो तुझ्या दारापर्यंत," अप्पा म्हणाले. "परत फिरलो. बोललो असतो, तर तू म्हणला असतास, नोकरी गेली म्हणून अर्जुनाच्या डोळ्यात माझा पैसा खुपतोय."

नानांनी मग भावाचा खांदा धरला, आधाराला धरतात तसा.

"म्हणलो असतो," ते म्हणाले. "आईशप्पथ अर्जुना, तसंच म्हणलो असतो."