बेलीफ नाना वर्गात बसतात

पहिल्या दिवशी हजेरी घेताना कोकिळा मॅडम एका नावापाशी अडखळल्या. "बाविस्कर उखर्डू झुलाल." शेवटच्या बाकावरून पांढऱ्या केसांचे, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ उठून उभे राहिले. "हजर, साहेब." अख्खा वर्ग हसला. छत्तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाच्या तोंडी 'मॅडम' हा शब्द बसायला पुढे महिना गेला.

उखर्डूनाना मूळचे सोनगीरचे. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईने यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि तेच नाव दिलं. बारावी झाल्यावर ते दिवाणी कोर्टात बेलीफ म्हणून लागले. कोणावर दावा झाला की कोर्टाचं समन्स त्याच्या घरी नेऊन द्यायचं, हे बेलीफाचं काम. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात, नानांनी जळगावात लॉच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. त्यांच्या बायकोने, भागाबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

"आते ह्या वयमा वकील व्हवानं शे का तुमले?"

"वकील नही व्हवानं. वाचानं शे," नाना म्हणाले.

पहिली दोन वर्षं जेमतेम पार पडली. तिसऱ्या वर्षी दिवाणी प्रक्रिया संहिता आली. पोरं या विषयाला टरकून असत. एवढाले ऑर्डर, त्यांच्या पोटात रूल, त्यांना परत पुरवण्या. चेलना नावाची कापड दुकानदाराची हुशार मुलगी नानांच्या पुढच्या बाकावर बसायची. ती म्हणायची, "नाना, हे पुस्तक म्हणजे नुसतं रेल्वेचं टाइमटेबल." नाना हसायचे. त्यांना मात्र पान उलटलं की गावं दिसायची. 'समन्सची बजावणी' असं फळ्यावर लिहिलं गेलं आणि नाना थेट तापीच्या पुलावर पोचले. चोपड्याची सकाळची एसटी, काचेतून येणारा केळीच्या बागांचा ओला गारवा, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत समन्सं आणि दुपारची भाकरी. कुठल्याही गावात उतरलं की पाराजवळून आरोळी यायची, "बेलीफ उना रे!" आणि निम्मी गल्ली रिकामी व्हायची. कोणी चहा पाजायचं, कोणी कुत्रं सोडायचं. पोटरीवर अजून दोन दातांची खूण होती.

त्या दिवशी मॅडम ऑर्डर पाच, रूल सतरा शिकवत होत्या. प्रतिवादीने समन्स घ्यायला नकार दिला, किंवा शोधूनही तो सापडला नाही, तर बेलीफाने समन्सची प्रत दारावर चिकटवायची आणि तसा अहवाल कोर्टाला द्यायचा. मग रूल एकोणीस आला, गरज पडली तर कोर्ट बेलीफाला साक्षीला बोलावून शपथेवर तपासतं. मॅडमनी पुस्तक मिटलं. "नाना, तुम्हाला कधी तपासलंय?"

नाना उठले.

"एकदा, मॅडम."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला चारच वर्षं झालेली. सातपुड्याच्या पायथ्याला एका पेठेच्या गावात लाडकुंवरबाई नावाच्या मारवाडी विधवेवर तिच्या दिराने, मोतीलालने, दावा लावला होता. ती राहत होती त्या दोन खोल्या त्याला हव्या होत्या. नाना ऐन दुपारी समन्स घेऊन पोचले. दार बंद. समोरच मोतीलालचं दुकान. त्याने नानांना पंख्याखाली बसवलं, थंडगार ताक दिलं. म्हणाला, "भाभी आतच आहे हो. हात लावत नाही कागदाला. लावून टाका दाराला." नानांनी डिंक लावून प्रत चिकटवली, दुकानातल्या दोन गड्यांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या आणि अहवालात लिहिलं, 'प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिला.' शेवटची बस पकडायची होती.

लाडकुंवरबाई त्या वेळी लेकीच्या बाळंतपणाला धुळ्याला होती. दारावरचा कागद कोणी काढला कोणास ठाऊक. तिच्या माघारी एकतर्फी निकाल झाला. ती परतली तेव्हा खोल्यांचा ताबा द्यायची वेळ आली होती. तिने निकाल रद्द करण्याचा अर्ज केला आणि कोर्टाने बेलीफाला साक्षीला बोलावलं. जुन्या कारकुनाने नानांना आधीच बाजूला घेऊन बजावलं, "अहवालाला धरून राहा. जास्त बोलू नकोस."

कोर्टाच्या व्हरांड्यात ती बाई भिंतीला टेकून उभी होती. डोक्यावरून पदर, शेजारी नातवाला घेतलेली लेक. नाना जवळून जाताना तिने विचारलं, "भाऊ, मी नाही म्हटलं ते तुम्ही ऐकलं का?" आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मग?" चेलनाने न राहवून विचारलं.

"मग पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. साहेबांनी विचारलं, नकार दिला हे तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, साहेब, मी बाईंना पाहिलंच नाही. दार बंद होतं. समोरच्याने सांगितलं ते लिहिलं."

निकाल रद्द झाला, दावा पुन्हा चालला, आणि खोल्या बाईकडेच राहिल्या. नानांच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली आणि बदली झाली. त्यानंतर ते प्रत्येक दाराशी शेजारपाजार विचारून, दोन-तीनदा खेपा घालूनच परतत. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. आपल्या एका ओळीने एक बाई बेघर होत होती, तर ती ओळ लिहायला सांगणारा कायदा आपण एकदाही वाचलेला नाही. फक्त छापील फॉर्म भरत आलो.

मॅडमनी त्या दिवशी पुढचा रूल घेतला नाही.

एवढं होऊनही नाना त्याच विषयात नापास झाले. शंभरात एकतीस. कॉलेजभर हसू झालं. कोकिळा मॅडमनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवून पाहिली. प्रश्न होता बजावणीच्या पद्धती लिहा, आणि नानांनी लिहिलं होतं की कुत्रा असेल तर आधी शेजाऱ्याला हाक मारावी.

"नाना, खरं आहे ते," चेलना म्हणाली, "पण मार्क नाही मिळत त्याला." पुढचे तीन महिने ती कॉलेजच्या वाचनालयात रोज तासभर त्यांच्यासमोर बसली. आधी कलम, मग शर्ती, मग अपवाद. नाना लहान मुलासारखे घोकायचे, चुकले की स्वतःच जीभ चावायचे. बदल्यात ते तिला जुन्या अहवालांमधलं अक्षर लावायला शिकवायचे. भागाबाई दोघांसाठी डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायच्या. दुसऱ्या खेपेला सत्तेचाळीस मिळाले. नानांनी गुणपत्रिका आधी बायकोला दाखवली. ती म्हणाली, "बठ्ठं पुस्तक वाची काढं ना? मंग आते पायले तेल लावा अन् बसा."

ते काही बसले नाहीत. सनद घेतली नाही, कोट शिवला नाही, पण ते तिसरं वर्ष त्यांना नोकरीच्या सगळ्या वर्षांहून जास्त आठवतं. खिडकीजवळचा बाक, मधल्या सुट्टीतला कटिंग चहा, 'नाना, नोट्स द्या ना' म्हणणारी पोरं. चेलना आता धुळ्याला वकिली करते, सणासुदीला फोन करते.

समन्सचा धडा आला की कोकिळा मॅडम नानांना बोलावतात आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. यंदाही ते गेले होते. नव्या पोरांना त्यांनी अहवाल लिहायला लावला. एका मुलीने विचारलं, "नाना, दार बंद असलं तर किती वेळ थांबायचं?"

नानांनी खडू खाली ठेवला. "पुस्तकात वेळ दिलेली नाही, बेटा. मी सांगतो तशी ओळ लिहून घे. कोणत्या तारखेला, किती वाजता गेलो, कोणाला विचारलं, त्याने काय सांगितलं. त्याचं नाव, पत्ता. सगळं. घे, लिही."