दाजींचा अंगठा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, तीस वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. मशीन उघडलं की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. नळीच्या तोंडाशी एक बारीक पिन असते, ती अंगठ्यानं दाबायची. आतला गॅस फुस्स करून बाहेर पडायचा आणि त्या आवाजावरून दाजी रोग सांगायचे. निदान क्वचितच चुकायचं. गल्लीनं त्यांचं नाव फुस्सदाजी ठेवलं. एरवी नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस, पण या नावावर खूश होता.

मग सरकारचा नियम आला. जुन्या मशीनमधला गॅस हवेत सोडायचा नाही, यंत्रानं सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा आणि सरकारी प्रशिक्षण केंद्रात जमा करायचा. यंत्र केंद्र वापरायला देणार, शिकवणीही फुकट. पण परीक्षा पास झाल्याशिवाय दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय कुठलाही दुकानदार नवा गॅस विकणार नाही. म्हणजे नापास झाले तर दाजींचा धंदाच बंद.

"माझ्या एवढ्याशा फुस्सनं आभाळ तापतं होय?" दाजींनी पहिल्याच दिवशी वर्गात विचारलं. "कारखाने सोडले आणि धरलं कुणाला, तर मला."

शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, कारखान्यांनाही नियम आलेत, तिथं तपासनीस जातात. पण घराघरातल्या एसीपर्यंत सरकारचा हात पोचत नाही, तुमचा पोचतो. एका एसीतला गॅस सोडला, की गाडी हजारो किलोमीटर पळवल्याइतकं नुकसान होतं."

दाजींनी ते वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर ताट बाजूला सारून पुन्हा वही उघडली, आणि दाजींनी ताट बाजूला सारणं ही आमच्याकडे काळजीची बाब आहे.

पाच दिवसांत त्यांनी सगळं तोंडपाठ केलं. पण घोडं पेंड खात होतं ते अंगठ्यापाशी. परीक्षेत मॅडमनी "करा सुरू" म्हटलं, दाजी वाकले आणि अंगठा थेट पिनेवर. फुस्स. नापास.

"मी नाही दाबलं," बाहेर येऊन ते मला म्हणाले. "यानं दाबलं." आणि अंगठा माझ्या नाकासमोर धरला. जित्याची खोड, एवढं मी म्हणालो आणि पुढचं गिळलं. मेहुण्यालाही जीव प्यारा असतो.

पुन्हा परीक्षा महिन्यानं, आणि ती शेवटची. दाजींनी बाहेरच्या खोलीत एक जुना, रिकामा फ्रिज आणून ठेवला. सकाळ-संध्याकाळ नळी लावायची आणि काढायची. अंगठा पिनेकडे वळला की ताई त्यावर पट्टी मारायची. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला पहिल्यांदाच अशी रीतसर परवानगी मिळाली होती, ती तिनं वाया घालवली नाही.

दुसऱ्या परीक्षेला ताईनं मला सोबत धाडलं. मोठ्या खोलीत सहा टेबलं, प्रत्येकावर एक जुना एसी आणि गॅस ओढायचं यंत्र, आणि भिंतीवर अर्ध्या तासाचं घड्याळ. मी मागच्या बाकावर बसलो. दाजींनी अंगठा मुठीत दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं नळी व्यवस्थित जोडली. यंत्र सुरू झालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

दहा मिनिटं झाली असतील. दाजींनी मान वाकडी केली, कान यंत्राजवळ नेला आणि बटण बंद केलं.

"मॅडम, तुमचं यंत्र गळतंय."

"चोराच्या उलट्या बोंबा," शेजारच्या टेबलावरचा मेकॅनिक पुटपुटला.

"काका, यंत्र परवाच तपासलंय," मॅडम म्हणाल्या. "घड्याळ थांबणार नाही. चालू करा."

"गळत असताना कसं चालू करू? साबणाचं पाणी द्या."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. वीस मिनिटं गप्प राहिले असते तर दाखला खिशात होता. मी मागून हातवारे केले, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी वाटीत साबणाचं पाणी आणलं. दाजींनी ते मागच्या जोडावर लावलं, आणि तिथं मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले.

मॅडम वाकून बघत राहिल्या. गॅस वाचवायला शिकवणाऱ्या यंत्रातूनच तो किती दिवस निघून जात होता, कोण जाणे.

"एवढ्या गलक्यात तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"दुसरं काय ऐकलंय आयुष्यात?" दाजी म्हणाले.

मॅडमनी घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून लावलं. दाजींनी जोड आवळला, गॅस ओढला, सिलिंडरचं वजन लिहिलं. पास. त्यांचा मला फार अभिमान वाटला. हे इथंच लिहून ठेवतो, तोंडावर सांगणं मला जमायचं नाही.

आता दर शनिवारी दाजी त्याच केंद्रात शिकवायला जातात. गळती कानानं कशी ओळखायची, हा त्यांचा विषय. एकदा मी बघायला गेलो. वीसेक मेकॅनिक बसले होते. त्यातल्या एकानं हसत विचारलं, "काका, आपल्या एकट्यानं काय फरक पडतो हो?"

दाजींनी खडू घेतला. दिवसाला एक मशीन. वर्षाला तीनशे. गुणिले तीस. फळ्यावर नऊ हजार हा आकडा आला तेव्हा त्यांनी गुणाकार पुन्हा एकदा करून पाहिला.

"एवढ्यांचा गॅस मी एकट्यानं हवेत सोडलाय," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय."

मग त्यांनी विचारणाऱ्यालाच पुढं बोलावलं आणि नळी त्याच्या हातात दिली.