ट्यूबचं दुसरं टोक

आमचं लग्न झालं त्या वर्षी नेरच्या हायस्कुलात खेळाचे नवे मास्तर आले आणि गावातल्या तरुणांना बेसबॉल शिकवू लागले. माझे यजमान त्याच शाळेत गणित शिकवत. त्यांनी सुताराकडून बाभळीची बॅट घडवून घेतली. मैदानाच्या कडेला कापसाच्या गाड्या उभ्या असत. एकदा तरी चेंडू त्या गाड्यांच्या पलीकडे जावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

जोर वाढवायचा तर मुद्गल फिरवायचा, हे आखाड्यात वाढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नसे. रोज सकाळी ते गदेसारखा जड मुद्गल खांद्यावरून पाठीमागे नेत नि फिरवत. दंड भरले. पण त्या वजनाला सरावलेल्या हातांना बॅट काडीसारखी वाटू लागली. चेंडू पोहोचायच्या आधीच ती फिरून जाई.

मित्र ओरडत, "काहून गा गुरुजी, वारा घालून राह्यला काय आमाले?"

खेळाच्या मास्तरांनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. महागावच्या संघाशी सामना ठरला होता. तोवर चेंडू बॅटला लागायला लागला नाही, तर संघात जागा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मुद्गल बंद करून कमरेचा पीळ वाढवा, ओढ धरून वळायची सवय करा, असंही तेच म्हणाले. बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करणाऱ्या मित्राने जुनी ट्यूब दिली. वर म्हणाला, "खांबाले नको बांधू. खांबाले काय समजते ढील द्याची? भाभीले धराले सांग."

मग परसात ट्यूबचं एक टोक त्यांच्या मुठीत आणि दुसरं माझ्या मनगटाला. पहिल्या दिवशी माझ्या मोकळ्या हातात कादंबरी होती. ते वळले आणि मी कादंबरीसकट धुण्याच्या बादलीवर आदळले.

सासूबाई ओसरीतून म्हणाल्या, "सून आणली का बैल आणला रे?"

"आई, बैल पुस्तक नाही वाचत," ते म्हणाले.

हळूहळू मला ती ओढ वाचता येऊ लागली. आधी टाच वळे, मग कंबर, मग खांदा, हात सर्वांत शेवटी. "आज हात घाई करून राह्यले तुमचे," मी म्हणे. ते मान हलवून पुन्हा उभे राहत.

सामन्याला मी गेले नाही. गुरुजींच्या बायकोने मैदानावर पुरुषांच्या घोळक्यात उभं राहू नये, हे मला कुणी बजावलं नव्हतं. तरी ठाऊक होतं. तिन्हीसांजेला ते धुळीने माखलेले आले, ते थेट परसात.

"लागला?"

"लागला ना! गाड्यायच्या पल्याड."

"कसा?"

त्यांनी मला समोर उभं केलं. मी चेंडू टाकल्यासारखा रिकामा हात पुढे फेकला. टाच, कंबर, खांदा, आणि बॅट सणकन फिरली. मग ते कुंपणावरून वर बघत राहिले, नसलेल्या चेंडूकडे. मीही वळून बघितलं.

ते वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मैदानात खेळताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशी मी सामन्याला गेले असते, तर कोण काय म्हणालं असतं, याचा अंदाज करू पाहते. ती माणसंही आता उरली नाहीत.